चंडोल खरा, चिठ्ठी खोटी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे येतात, लढाया येतात, तह आणि सनावळ्या येतात. शाळेत आपण तो तसाच शिकलो, आणि आपल्यापैकी जे शिक्षक आहेत ते बहुधा तसाच शिकवतातही. पण इतिहासाचे मूळ काम कोणते? अमुक एक गोष्ट घडली असे कोणी सांगितले, तर सांगणारा कोण, त्याला ती कशी कळली, त्याने ती कधी लिहून ठेवली आणि खोटे सांगण्यात त्याचा काही लाभ होता का, हे तपासून पाहणे. हे काम बखरीच्या बाबतीत जसे करावे लागते, तसेच ते एखाद्या पाखराच्या बाबतीतही करावे लागते. आज मी तुम्हांला अशाच एका पाखराची हकीकत सांगणार आहे. पाखरू लहानसे, पण ते एका देशात आले होते की नव्हते हे ठरवायला माणसांना जवळजवळ शंभर वर्षे लागली.

हे पाखरू म्हणजे काळा चंडोल. चंडोल तुम्हांला नवा नाही. माळावर ढेकळांच्या रंगात मिसळून बसणारा, चाहूल लागताच भुर्रकन वर जाणारा आणि आभाळात एका जागी पंख फडफडवीत गाणारा आपला चंडोल खेड्यातल्या माणसाने पाहिलेला नाही असे सहसा होत नाही. काळा चंडोल त्याचाच लांबचा भाऊबंद. अंगाने मात्र अधिक थोराड, चोचही जाड. त्याचे घर आपल्याकडे नाही. रशियाचा दक्षिण भाग आणि कझाकस्तान या देशांतून जी अफाट गवताळ मैदाने पसरली आहेत, त्यांना स्टेप म्हणतात. झाड नाही, डोंगर नाही. नजर जाईल तिकडे गवत, मधूनमधून खाऱ्या पाण्याची तळी. उन्हाळ्यात कडक ऊन, हिवाळ्यात हाडे गोठवणारी थंडी. त्या मैदानांवर हा चंडोल राहतो.

त्याचा काळा रंगही मोठा गमतीचा आहे. काळा असतो तो फक्त नर. मादी आपल्या चंडोलासारखीच मातकट, तपकिरी. आणि नरसुद्धा बारा महिने सारखा काळा दिसत नाही. शरद ऋतूत त्याला नवी पिसे येतात तेव्हा प्रत्येक काळ्या पिसाला फिकट रंगाची किनार असते. त्यामुळे तो सगळा खवल्याखवल्यांचा दिसतो. हिवाळाभर वागवून वागवून ही किनार झिजते आणि वसंतात खालचा काळाभोर रंग उघडा पडतो. म्हणजे नवा पोशाख न करता, जुना झिजवूनच हा नवरदेव लग्नाला उभा राहतो!

आणखी एक गोष्ट सांगतो, ती गुराख्यांना आवडेल. हा पक्षी जमिनीवरच घरटे करतो आणि घरट्याभोवती वाळलेल्या शेणाचे तुकडे आणून फरशी घातल्यासारखे मांडून ठेवतो. असे का करीत असावा, याचा अभ्यासकांनी कझाकस्तानात जाऊन विचार केला. गुरे शेणाजवळच्या गवताला तोंड लावीत नाहीत, तेव्हा घरटे खुरांखाली तुडवले जाऊ नये म्हणून ही योजना असावी, हा त्यांनी तपासलेल्या कारणांपैकी एक विचार. गुरे शेणाजवळ चरत नाहीत हे आपल्याकडच्या पोरालाही ठाऊक असते. त्या पाखराने ते आपल्या परीने ओळखले असेल, तर त्याचे कौतुकच करायला हवे.

या पक्ष्याला शास्त्रीय नाव मिळाले त्याचीही एक हकीकत आहे. १७६५ साली योहान राइनहोल्ड फॉर्स्टर नावाचा एक विद्वान रशियातल्या व्होल्गा नदीकाठी गेला. तिथे नव्याने वसवलेल्या जर्मन शेतकऱ्यांच्या वसाहतींची पाहणी करायची होती. बरोबर त्याचा दहा वर्षांचा मुलगा गेओर्ग होता. व्होल्गेच्या पूर्वेला एल्टन नावाचे एक मोठे खारे सरोवर आहे. त्या मुलखातून फॉर्स्टरने या काळ्या चंडोलाचे वर्णन केले आणि ते लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत छापले गेले. सरोवराच्या नावावरून पक्ष्याच्या शास्त्रीय नावाला ‘येल्टोनिएन्सिस’ हा शब्द जोडला गेला, तो आजतागायत तसाच आहे. पुढे हे बापलेक कॅप्टन कुक याच्या दुसऱ्या सफरीवर पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. आणि हाच गेओर्ग मोठेपणी, १७९१ साली, आपल्या कालिदासाचे ‘शाकुंतल’ जर्मन भाषेत घेऊन गेला. सर विल्यम जोन्स यांच्या इंग्रजी भाषांतरावरून त्याने ते केले होते. जर्मन कवी आणि पंडित संस्कृत साहित्यावर लुब्ध झाले त्याला हे पुस्तक मोठेच कारण झाले. ज्या मुलाने लहानपणी बापाबरोबर चंडोलांचा मुलूख पायाखाली घातला, त्याच्याच हातून शकुंतला जर्मनीत गेली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हिवाळ्यात स्टेपवर बर्फ पडते. काळे चंडोल गवताच्या बियांवर गुजराण करतात. बर्फाचा थर घट्ट झाला की बी हाती लागत नाही. मग त्यांचे थवे दक्षिणेला आणि पश्चिमेला सरकतात. नर त्यातल्या त्यात घराजवळ राहतात, माद्या अधिक दूर जातात. एरवी हा प्रवास शेजारच्या प्रदेशांपुरताच असतो. पण एखाद्या वर्षी एखादे पाखरू वाट चुकते म्हणा, वाऱ्याने ढकलले जाते म्हणा, आणि युरोपच्या भलत्याच टोकाला जाऊन उतरते. एल्टन सरोवरापासून ब्रिटनचा पश्चिम किनारा सुमारे साडेतीन हजार किलोमीटर दूर. मूठभर पाखराने एवढे अंतर तोडायचे म्हणजे नवलच, पण अशक्य नव्हे.

स्टेपवरचे पक्षी असे दूर जातात याला जुना आणि बळकट पुरावा आहे. पल्लास याच्या नावाने ओळखला जाणारा एक स्टेपवासी पखुर्डी पक्षी आहे. १८६३ साली आणि पुन्हा १८८८ साली या पक्ष्यांचे थवेच्या थवे मध्य आशियातून निघाले आणि सारा युरोप ओलांडून ब्रिटनपर्यंत जाऊन पोहोचले. १८८८ सालच्या धाडीत इतके पक्षी आले, आणि बंदुकवाल्यांनी ते इतके टिपायला सुरुवात केली, की ब्रिटिश पार्लमेंटला त्यांच्या रक्षणासाठी खास कायदा करावा लागला. या घटनेबद्दल कोणी शंका घेतली नाही. घेणार तरी कशी? गावोगावच्या लोकांनी पक्षी पाहिले होते, देशोदेशी नोंदी झाल्या होत्या. एक साक्षीदार खोटा निघाला असता तरी शंभर उरले असते.

पण एकटेदुकटे पाखरू आले आणि ते एकाच माणसाच्या हाती लागले, तर? तिथे सारा इतिहास त्या एका माणसाच्या शब्दावर उभा राहतो. आपल्या चंडोलाचे नेमके तसेच झाले.

त्या काळी, म्हणजे एकोणिसावे शतक संपत आले त्या सुमारास, ब्रिटनमध्ये पक्षी पाहण्यापेक्षा पक्षी मारून ठेवण्याकडे अधिक ओढा होता. चांगल्या दुर्बिणी फारशा नव्हत्या. नुसते पाहिले असे कोणी म्हटले तर विश्वास कोण ठेवणार? हातात आला तो पुरावा आणि उडून गेला ती नुसती वार्ता, अशी त्या जाणकारांची समजूत होती. धनिक हौशी मंडळी पेंढा भरलेले पक्षी काचेच्या कपाटांत मांडीत. त्यातही मौज अशी, की दूर रशियात मारलेल्या चंडोलाला फारशी किंमत नसे. तोच चंडोल इंग्लंडच्या भूमीवर मारला आहे असे ठरले, की त्याची किंमत कितीतरी पटींनी वाढे. पक्षी तोच, पिसे तीच. फरक फक्त पायाला बांधलेल्या चिठ्ठीत. चिठ्ठीवर गावाचे नाव आणि तारीख. पैसे मोजले जात ते खरे तर त्या चिठ्ठीचे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज नावाचे गाव आहे. वॉरन हेस्टिंग्जशी त्याचा संबंध लावू नका. १०६६ सालच्या प्रसिद्ध लढाईने ते इंग्रजांच्या इतिहासात अमर झाले आहे. त्याच्या लगतच सेंट लिओनर्ड्स या ठिकाणी जॉर्ज ब्रिस्टो नावाचा कारागीर राहत असे. बंदुका दुरुस्त करणे आणि पक्ष्यांत पेंढा भरणे हा त्याचा धंदा. १८९२ ते १९३० या काळात त्या परिसरातून दुर्मिळ पक्ष्यांचा जणू पाऊस पडला. ब्रिटनमध्ये पूर्वी कधी न दिसलेले, कुठले कुठले पक्षी त्या थोड्याशा टापूत मारले गेल्याच्या नोंदी होऊ लागल्या. त्यांतले बरेचसे ब्रिस्टोच्या हातून पुढे जात. १९०७ साली त्यांत आपला काळा चंडोलही आला. चंडोल कपाटात गेला, नोंद पुस्तकात गेली, आणि काळा चंडोल ब्रिटनच्या पक्ष्यांच्या यादीत दाखल झाला.

तुम्ही विचाराल, विद्वानांनी तपासणी केली नाही का? केली होती. काही पक्षी ताजे असतानाच जाणकारांना दाखवण्यात आले होते. पण नीट विचार करा. पक्षी ताजा मारलेला आहे हे हाताळून सांगता येते. तो कोणत्या जातीचा हेही सांगता येते. तो कुठे मारला, हे मात्र कोणत्याही पिसावर लिहिलेले नसते. बर्फात घालून आगबोटीने आणलेला पक्षीही बऱ्यापैकी ताजा दिसू शकतो. असे काही होत असावे असा संशय पुढे अभ्यासकांनी बोलूनही दाखवला. अशा प्रसंगी चंडोल खरा आणि चिठ्ठी खोटी असू शकते. तपासणी होत होती ती चंडोलाची. चिठ्ठीवर सगळे विश्वास ठेवून चालले होते.

शंका अगदीच आली नव्हती असे नाही. ‘ब्रिटिश बर्ड्‌स’ नावाचे मासिक १९०७ सालीच सुरू झाले होते. त्याचे संपादक हॅरी विदरबी यांना १९१६ च्या सुमारास या नोंदींविषयी संशय आला होता. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. उघड आरोप केला आणि तो सिद्ध करता आला नाही, तर एका माणसाच्या अब्रूवर घाला पडतो. त्यामुळे जुन्या नोंदी पुस्तकांत तशाच राहिल्या. विद्यार्थी त्या पाठ करीत राहिले. छापलेल्या गोष्टीचे हेच मोठे बळ असते. ती एका पुस्तकातून दुसऱ्यात जाते, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि तीन ठिकाणी सापडली म्हणून आपण ती तीन साक्षींनी सिद्ध झाली असे समजतो. वास्तविक साक्षीदार एकच असतो.

जॉर्ज ब्रिस्टो १९४७ साली वारला. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९६२ च्या ऑगस्टमध्ये, त्याच ‘ब्रिटिश बर्ड्‌स’ मासिकाने या प्रकरणाची उघड चौकशी छापली. लेखक होते मॅक्स निकोलसन आणि जेम्स फर्ग्युसन-लीस. आणि त्यांच्या जोडीला जॉन नेल्डर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाचा स्वतंत्र लेख होता. हा नेल्डर त्या काळात भाजीपाल्याच्या संशोधन केंद्रात काम करीत असे. कोणत्या वाफ्यात कोणते खत घातले म्हणजे पीक किती येते, आणि आलेला फरक खरा की योगायोगाचा, हे ठरवण्याचे जे गणित असते, ते त्याचे रोजचे काम. तेच गणित त्याने पाखरांच्या नोंदींना लावले.

त्याची रीत अगदी सोपी करून सांगतो. समजा, एका तालुक्यातल्या दहा गावांत पाऊस मोजण्याची व्यवस्था आहे. त्यांतल्या एका गावच्या वहीत सलग तीस वर्षे शेजारच्या गावांच्या चौपट पाऊस लिहिलेला आहे. हद्दीपलीकडच्या शेतात मात्र तेवढा पाऊस नाही. पुढे नोंद ठेवणारा बदलला, आणि त्याच सुमारापासून त्या गावचा पाऊसही इतर गावांइतकाच झाला. आता तुम्ही आभाळाला दोष द्याल की वहीला?

नेल्डरने नेमकी अशीच तुलना केली. एका बाजूला हेस्टिंग्जचा टापू, दुसऱ्या बाजूला ससेक्स आणि केंट या परगण्यांतला लगतचा मुलूख. एकीकडे १८९५ ते १९२४ हा काळ, दुसरीकडे १९२५ ते १९५४ हा काळ. नंतरच्या काळात पक्षी पाहणारे कितीतरी वाढले होते, दुर्बिणी चांगल्या झाल्या होत्या. म्हणजे दुर्मिळ पक्षी पूर्वीपेक्षा अधिक सापडायला हवे होते. शेजारच्या मुलखात तसा काही विपरीत प्रकार दिसला नाही. हेस्टिंग्जच्या टापूत मात्र आधीच्या काळात अतिदुर्मिळ पक्ष्यांचा भरणा इतका होता, की तो योगायोगाने झाला असे मानायला गणित तयार होईना. पक्ष्यांना परगण्याची हद्द कळत नाही. हद्द कळते ती माणसाला.

या चौकशीनंतर एकोणतीस जाती-उपजाती ब्रिटनच्या यादीतून काढून टाकण्यात आल्या. त्यांत काळा चंडोल होता. पंचावन्न वर्षे जो पाहुणा म्हणून पुस्तकात बसला होता, तो एका महिन्यात बाहेर झाला.

इथे थोडे थांबायला हवे. न्यायाची बाजूही पाहिली पाहिजे. ज्याच्याकडे बोट दाखवले गेले तो माणूस उत्तर द्यायला जिवंत नव्हता. १९६८ साली डॉक्टर जेम्स हॅरिसन यांनी ब्रिस्टोची बाजू मांडणारे एक अख्खे पुस्तक लिहिले. त्यांचा आग्रह असा, की काही नोंदींवर संशय असेल म्हणून सगळ्याच खोट्या कशा म्हणता येतील? हा प्रश्न रास्त आहे. गणिताने एवढेच सांगितले, की या ढिगात खोटे पुष्कळ मिसळलेले आहे. ढिगातला अमुक एक दाणा खोटा आणि तमुक खरा, हे गणित सांगू शकत नाही. व्यापारी काय करतो? धान्याच्या पोत्यात खडे फार निघाले तर ते पोते तो बाजूला ठेवतो. त्यात चांगला दाणा एकही नाही असे त्याचे म्हणणे नसते. त्या पोत्याच्या भरवशावर सौदा करता येत नाही, एवढेच तो म्हणतो.

आणि म्हणूनच यादीतून नाव काढणे म्हणजे ‘काळा चंडोल ब्रिटनला कधी येतच नाही’ असे सिद्ध करणे नव्हते. ‘तो आला होता असे मानायला विश्वासू साक्ष नाही’ एवढाच त्याचा अर्थ. या दोन वाक्यांतला फरक आपल्या विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून दिला, तर इतिहासाचे अर्धे शिक्षण झाले असे मी म्हणेन. साक्षीदार खोटा ठरला म्हणून घटना खोटी ठरत नाही. ती फक्त सिद्ध व्हायची राहते.

पुढची हकीकत याचीच साक्ष देते. २००३ सालचा जून महिना. वेल्सच्या वायव्य टोकाला अँगलसी नावाचे बेट आहे. तिथल्या साउथ स्टॅक या समुद्रकाठच्या कड्यावर एक काळाभोर चंडोल दिसला. नर होता. आठवडाभर तो त्याच परिसरात राहिला. शेकडो लोकांनी येऊन तो पाहिला, छायाचित्रे घेतली. त्याला कोणी गोळी घातली नाही, पेंढाही भरला नाही. चिठ्ठीची गरजच उरली नाही, कारण जागा आणि पक्षी दोन्ही एकदम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. स्टेपचा चंडोल ब्रिटनला खरोखर येऊ शकतो, हे असे दिवसाढवळ्या सिद्ध झाले.

गोष्ट इथे संपत नाही. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हंबर नदीच्या मुखाशी स्पर्न नावाची वाळूची एक चिंचोळी पट्टी समुद्रात शिरली आहे. तिथे १९४६ पासून पक्षी-निरीक्षणाचे केंद्र आहे. २७ एप्रिल १९८४ रोजी तिथल्या निरीक्षकांना एक अनोळखी काळा पक्षी दिसला होता. तो कोण याचा त्या वेळी पक्का निर्णय झाला नाही. पण त्यांनी एक गोष्ट केली. जे दिसले ते, जसे दिसले तसे, त्याच वेळी लिहून ठेवले. २००३ सालच्या पक्ष्यानंतर ती जुनी टिपणे पुन्हा तपासायला काढली गेली. वर्णन जुळले. अधिकृत समितीने ते मान्य केले. परिणाम असा, की ब्रिटनमध्ये आलेला पहिला मान्य काळा चंडोल १९८४ चा ठरला आणि २००३ चा दुसरा.

विचार करा. १९०७ चा चंडोल प्रत्यक्ष कपाटात होता, हाताने चाचपता येत होता, तरी त्याची साक्ष बुडाली. १९८४ चा चंडोल कधीच उडून गेला होता, त्याचे एक पीसही कोणाकडे नव्हते, आणि तरी त्याची साक्ष टिकली. कारण लिहिणाऱ्याला त्यातून काही मिळवायचे नव्हते, आणि आपल्याला जेवढे कळले त्याहून अधिक त्याने लिहिले नव्हते. उडून गेला ती नुसती वार्ता, असे म्हणणाऱ्या जुन्या जाणकारांची समजूत इथे पार उलटी झाली.

कोणी म्हणेल, गुरुजी, एक पाखरू इंग्लंडात गेले काय आणि न गेले काय, आपल्या शेताला त्याचे काय? त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. रानपिंगळा हे नाव तुम्ही ऐकले असेल. साध्या पिंगळ्यासारखे दिसणारे, पण दाट सागाच्या रानात राहणारे हे लहान घुबड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्याचे मोजके नमुने मिळाले होते. त्यांतले काही आपल्या खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अंमलदाराने मिळवलेले होते. शेवटची खरी नोंद १८८४ ची. त्यानंतर मात्र रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते: गुजरातेत मांडवी, साल १९१४.

पुढे कितीतरी वर्षे लोकांनी या पक्ष्याचा शोध केला. त्यांत सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारखी मोठी माणसे होती. पक्षी सापडला नाही. तो नामशेष झाला असावा असे बोलले जाऊ लागले. मग पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञाने त्या १९१४ च्या नमुन्याची कसून तपासणी केली. आतला कापूस कसा भरला आहे, शिवण कशी घातली आहे, हे पाहिले. प्रत्येक कारागिराचा हात वेगळा असतो, तो तिथे ओळखू आला. तो नमुना मांडवीचा नव्हताच. डेव्हिडसनच्याच जुन्या संग्रहातला पक्षी चोरून, वर नवी चिठ्ठी लावलेली होती. इथेही पक्षी खरा आणि चिठ्ठी खोटी!

खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर शोधाची दिशा साफ झाली. रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी गेले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यात, त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. पुढे मेळघाटातही तो असल्याचे आढळले. एकशे तेरा वर्षे! एवढ्या काळात ज्या रानात तो होता, त्या रानातली किती झाडे पडली असतील याचा हिशेब करा. पक्षी कुठे आहे हेच चुकीचे ठाऊक असेल, तर त्याचे रान राखायचे तरी कोणी आणि कसे?

काळ्या चंडोलाच्या बाबतीतही हीच गोष्ट आहे. त्याचे स्टेप काही जसेच्या तसे राहिलेले नाही. १९५४ साली सोव्हिएत सरकारने ‘पडीक जमीन मोहीम’ काढली आणि १९६० पर्यंत एकट्या कझाकस्तानात सुमारे अडीच कोटी हेक्टर माळ नांगराखाली आला. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला, त्यानंतर त्यातली पुष्कळ जमीन पुन्हा ओस पडली आणि तिच्यावर गवत परतले. माळावरच्या पक्ष्यांचे नशीब या उलथापालथीबरोबर खालीवर होत राहिले. आता एखाद्या वर्षी चंडोल पश्चिमेला अधिक दिसले, तर ते नांगरामुळे, बर्फामुळे, की नुसते पाहणारे वाढल्यामुळे? हे ठरवायचे तर मागच्या शंभर वर्षांच्या नोंदी स्वच्छ हव्यात. त्यांत खोट्या नोंदी मिसळल्या, तर सगळा हिशेब बिघडतो.

शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. आपल्या शाळेत एक साधी वही ठेवा. गावच्या माळावर हिवाळ्यात चंडोलांचे थवे येतात. त्यांत मध्य आशियातून आलेले आखूड बोटांचे लहान चंडोलही असतात. ज्वारीच्या खळ्याभोवती, नांगरलेल्या शेतात ते उतरतात. मुलांना सांगा, दिसले की लिहा. तारीख, जागा, किती होते, काय करीत होते, आणि पाहणाऱ्याचे नाव. ओळख पटली नाही तर खुशाल ‘ओळख पटली नाही’ असे लिहा आणि रंगरूपाचे वर्णन करा. ऐकलेले असेल तर ‘ऐकले’ असे लिहा, पाहिलेले असेल तर ‘पाहिले’ असे लिहा. नंतर आठवून लिहू नका, तिथल्या तिथे लिहा. एवढे नियम पाळले की झाले. त्याला पैसा लागत नाही, दुर्बीण नसली तरी चालते.

ती वही कोणाच्या आणि कधी उपयोगी पडेल हे आज सांगता यायचे नाही. स्पर्नच्या वाळूवर उभे राहून ज्यांनी आपले टिपण लिहिले, त्यांनाही ते ठाऊक नव्हते. वीस वर्षांनी ते टिपण बाहेर निघाले, आणि एका उडून गेलेल्या पाखराला इतिहासात त्याची जागा मिळाली.